पाठीतल्या पाण्यातली प्रथिने

ताप, डोकेदुखी, उलट्या आणि हळूहळू हरपत चाललेली शुद्ध. एवढ्या लक्षणांवरून रोगाचे नाव सांगायचे म्हटले तर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाडच्या डॉक्टरपुढे लांबलचक यादी उभी राहते. मेंदूत गेलेला मलेरिया, टायफॉइडची गुंगी, जिवाणूंचा मेंदूज्वर, विषाणूंचा मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूज्वर; आणि ताप नसेल तर विषबाधा किंवा मण्यारीचा दंश. यातल्या एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. छाती स्टेथोस्कोपने ऐकता येते, पोट हाताने चाचपता येते, मेंदू मात्र कवटीत बंद असतो. मोठ्या यंत्राशिवाय त्याची खबर काढायचा एकच मार्ग आहे. मेंदू ज्या द्रवात बुडालेला असतो तो द्रव कमरेतून थोडासा काढून तपासायचा. लोक त्याला पाठीतले पाणी म्हणतात, वैद्यकाची पुस्तके मेरुद्रव म्हणतात. त्याच्या तपासणीत तीन आकडे महत्त्वाचे असतात: पेशी किती, साखर किती आणि प्रथिने किती. या प्रकरणाचा विषय तिसरा आकडा आहे. हा आकडा एकट्याने कुठल्याच रोगाचे नाव सांगत नाही. तरीही मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या तालुक्यांत तिन्हींपैकी सर्वांत भरवशाचा तोच आहे असे मी म्हणतो. मात्र त्यासाठी पाणी वेळेवर काढलेले हवे आणि उरलेले दोन आकडे जागेवरच नोंदलेले हवेत.

आधी हे पाणी येते कुठून ते पाहू. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके असतात. ते रक्तातून गाळून हा द्रव तयार करतात. प्रौढ माणसाच्या अंगात तो एका वेळी १२५ ते १५० मिलिलिटर असतो, पण दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजे चोवीस तासांत तीन-चार वेळा तो संपूर्ण बदलतो. रक्तद्रवात दर १०० मिलिलिटरला ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. मेरुद्रवात १५ ते ४५ मिलिग्रॅम, म्हणजे रक्ताच्या मानाने साधारण दोनशेवा हिस्सा. हा फरक आपोआप टिकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा घट्ट अडसर असतो, तो मोठ्या रेणूंना आत सोडत नाही. जी थोडी प्रथिने आत सापडतात त्यांतली सुमारे ८० टक्के रक्तातूनच झिरपलेली असतात आणि उरलेली मेंदू व त्याच्या आवरणांत तयार झालेली असतात. अडसर सैल झाला, पाण्याचा प्रवाह मंदावला किंवा आतच प्रथिने बनू लागली, तर आकडा चढतो. वाढलेल्या आकड्याचा पहिला अर्थ एवढाच की आत काहीतरी बिघडले आहे.

बिघाड कोणत्या प्रकारचा, हे ओळखायची एक सुंदर युक्ती आहे. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतात बनते, मेंदूत नाही. त्यामुळे मेरुद्रवातले सगळे अल्ब्युमिन रक्तातूनच आलेले असणार. मेरुद्रवातल्या अल्ब्युमिनला रक्तातल्या अल्ब्युमिनने भागले की गळती किती आहे ते कळते. निरोगी प्रौढात हे प्रमाण हजारात ९ च्या खाली असते. आता इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे प्रतिपिंडे मोजायची. गळतीच्या मानाने ती जास्त भरली, तर जादाची प्रतिपिंडे आतच तयार होत आहेत, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदूच्या आवरणात ठाण मांडून बसली आहे. एल्विन काबाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये विजेच्या प्रवाहाने मेरुद्रवातली प्रथिने वेगळी करून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ही वाढ दाखवली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जपानी मेंदूज्वरासाठी जो तपासणी संच तयार केला त्यामागेही हाच विचार आहे. त्या विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे रक्तात सापडली तर अलीकडे संसर्ग झाला असे म्हणता येते, पण मेरुद्रवात सापडली तर तो मेंदूपर्यंत पोचला याचा पुरावा मिळतो. प्रतिपिंडही प्रथिनच असते, हे या तपासणीच्या गडबडीत आपण विसरून जातो.

हे पाणी काढायची रीत १८९१ मध्ये हाइन्रिख क्विंके या जर्मन डॉक्टरने घालून दिली. तिच्यात फारसा बदल झालेला नाही. रुग्णाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला लावतात, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांची वरची टोके बोटांनी शोधून त्यांना जोडणारी रेषा मनात आखली की ती चौथ्या कटिमणक्यावरून जाते. तिच्या वरच्या किंवा खालच्या फटीत कातडी बधिर करून बारीक सुई घालतात. आतले आवरण छेदले गेल्याचे हाताला कळते. सुईतली दाभणासारखी सळई बाहेर काढली की पाणी थेंब थेंब येऊ लागते. ते सिरिंजने ओढायचे नसते, आपल्या गतीने पडू द्यायचे असते. निरोगी पाणी नळातल्या स्वच्छ पाण्यासारखेच दिसते. बाटली उजेडासमोर धरली तेव्हा किंचित धुरकट दिसली तर पेशी वाढल्या असाव्यात. पिवळट दिसली तर एक तर जुना रक्तस्राव, नाहीतर प्रथिने फार. काढलेले १० मिलिलिटर अर्ध्या तासात भरून निघते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याशी संपतो, सुई त्याच्या बरीच खाली जाते. तिथे मज्जातंतूंच्या सुट्या दोऱ्या असतात, त्या सुईपुढून बाजूला सरकतात.

शहापूर-मुरबाडसाठी या तपासणीचे सर्वांत मोठे काम क्षयाच्या मेंदूज्वराचे आहे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी वस्त्यांमध्ये कुपोषण आहे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, अपुऱ्या जागेत दाटीवाटीने राहतात आणि पावसाळ्याआधी परततात. क्षयाला एवढी परिस्थिती पुरते. बीसीजीची लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून बऱ्यापैकी वाचवते, पण पूर्णपणे नाही. हा मेंदूज्वर जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखा एका रात्रीत येत नाही. मूल आठ-दहा दिवस किरकिर करते, खात नाही, अधूनमधून ताप येतो, मग उलट्या सुरू होतात. तोवर दोन डॉक्टर आणि कदाचित एक भगतही होऊन गेलेला असतो. मेरुद्रव तपासला तर चित्र बहुधा असे दिसते: प्रथिने १०० ते ५०० मिलिग्रॅम, साखर रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहून कमी, पेशी काही शे आणि त्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त. ही बाटली न हलवता तशीच काही तास ठेवली तर पाण्यात कोळिष्टकासारखा तरल पडदा धरतो. रक्तातून झिरपलेले फायब्रिनोजेन आत येऊन गोठते, त्याचे हे जाळे. क्षयाचे जंतू बहुधा या जाळ्यात अडकतात, म्हणून जुने तंत्रज्ञ ते अलगद उचलून काचपट्टीवर पसरत. आकडा मोजायचे यंत्र नसेल तर पांडीची चाचणी आहे. कालमान पांडी या हंगेरियन डॉक्टरने ती १९१० मध्ये सांगितली. संपृक्त फिनॉलच्या थोड्या द्रावणात मेरुद्रवाचा एक थेंब टाकायचा. प्रथिने वाढलेली असतील तर थेंब पडताच पांढरा ढग उठतो. लघवी तपासायच्या पट्टीवरही मेरुद्रवातली प्रथिने आणि साखर यांचा अंदाज घेता येतो, असे भारतातल्या काही अभ्यासांत दिसले आहे. ती पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातही असते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रथिने तर जिवाणूंच्या मेंदूज्वरातही वाढतात, मग क्षय कशावरून? शिवाय खेड्यातला रुग्ण सरकारी दवाखान्यात पोचतो तेव्हा बाहेर कुठेतरी अँटिबायोटिकचे इंजेक्शन घेऊन झालेले असते. अशा अर्धवट उपचार झालेल्या जिवाणू मेंदूज्वराचे पाणी क्षयाच्या पाण्यासारखे दिसू लागते. पेशी कमी होतात, लिम्फोसाइटचे प्रमाण वाढते, साखर मधेच कुठेतरी राहते. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतल्या राजपाल सिंग कश्यप, हातिम दागिनावाला, गिरधर तावरी आदींनी २००० नंतरच्या दशकात नेमक्या याच पेचावर काम केले. त्यांचा मार्ग असा: एकूण प्रथिने मोजून थांबायचे नाही, प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करून क्षयाच्या रुग्णांत कोणता पट्टा वेगळा दिसतो ते शोधायचे. त्यांना सुमारे ३० किलोडाल्टन वजनाचा पट्टा क्षयाच्या मेंदूज्वरात सापडला. पुढे त्यांनी क्षयजंतू स्वतः बाहेर टाकतो त्या अँटिजेन ८५ या प्रथिनगटापर्यंत माग काढला. २००४ मध्ये त्यांनी अर्धवट उपचार झालेला जिवाणू मेंदूज्वर आणि क्षयाचा मेंदूज्वर वेगळे ओळखण्यासाठी पेशींवरची एलायझा पद्धत मांडली. २००६ मध्ये त्याच गटाने ॲडिनोसिन डिअमिनेज या एन्झाइमचा उपयोग तपासला. हे एन्झाइम क्षयात वाढते, पण जिवाणूंच्या मेंदूज्वरातही वाढू शकते, म्हणून तेही एकटे पुरत नाही. या कामाचे मोल मला असे दिसते की महाराष्ट्रातच, आपल्याच रुग्णांच्या पाण्यावर, नेमका हाच प्रश्न विचारला गेला. तरी त्यातली कोणतीही एक चाचणी तालुक्याच्या दवाखान्यात निर्णायक म्हणून रुजली नाही, हेही तितकेच खरे आहे. एखादे खास प्रथिन सापडणे आणि त्यावर गावपातळीचा निर्णय घेता येणे, यांत मोठे अंतर असते.

मग एकूण प्रथिनांचाच आकडा घेऊन काय साधणार? याचे उत्तर रस्त्यात आहे. शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. त्याच दिशेने इथले रुग्णही जातात, त्याची चर्चा फारशी होत नाही. डोळखांबकडच्या पाड्यावरून शहापूर, शहापूरहून ठाणे-कळवा, तिथून प्रसंगी मुंबईतले सायन किंवा केईएम रुग्णालय. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावड्याकडचा रुग्ण आधी मुरबाडला आणि मग कल्याणमार्गे पुढे जातो. या प्रवासात रुग्णाचे जे होते ते होतेच, बाटलीतल्या पाण्याचेही काही होत असते. मेरुद्रवातल्या न्यूट्रोफिल पेशी बाहेरच्या तापमानाला फार वेळ टिकत नाहीत. तासाभरात त्यांच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या फुटून जातात आणि दोन तासांत निम्म्या. ज्या उरतात त्या बाटलीतली साखर खात राहतात, म्हणून साखरही घसरते. मे महिन्यात १०८ रुग्णवाहिकेतून दोन-अडीच तासांनी पोचलेल्या बाटलीत पेशी कमी आणि साखर कमी दिसली, तर ते चित्र क्षयाचे आहे की उन्हाचे, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. प्रथिने मात्र तशीच राहतात. दोन तासांनी मोजा, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मोजा, एकूण आकडा जवळपास तोच येतो. अँटिबायोटिक दिल्यावर काही तासांत जंतू कल्चरमध्ये वाढेनासे होतात, प्रथिने मात्र पुढे कित्येक दिवस वाढलेली राहतात. प्रवास आणि आधीचे इंजेक्शन या ग्रामीण रुग्णाच्या दोन हमखास अडचणी. दोन्हींना पुरून उरणारा आकडा प्रथिनांचा आहे.

म्हणून कामाची वाटणी साधी आहे. जो आकडा नासतो तो जागेवर काढायचा, जो टिकतो तो पुढे पाठवायचा. पेशी मोजायला रक्तपेशी मोजायची न्यूबॉर चेंबरची काच आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. हे काम पाणी काढल्यापासून अर्ध्या तासात व्हायला हवे. साखरेसाठी फ्लोराइड असलेली नळी वापरायची, म्हणजे पेशी साखर खाऊ शकत नाहीत. आणि त्याच वेळी बोट टोचून रक्तातली साखरही पाहायची, कारण मेरुद्रवातल्या साखरेला रक्तातल्या साखरेशिवाय अर्थ नाही. प्रथिनांची बाटली मग रुग्णाबरोबर किंवा मागाहून गेली तरी चालते. क्षयजंतू शोधायला मात्र पाणी भरपूर लागते, ६ मिलिलिटर किंवा त्याहून जास्त. दोन-चार थेंबांवर ते काम होत नाही.

यावर सुचणारा प्रश्न असा की आता ट्रूनॅट आणि सीबीनॅट या क्षयाच्या रेणवीय चाचण्या आल्या आहेत, मग पांडीच्या काळातले आकडे कशाला? ट्रूनॅट तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचे यंत्र, बॅटरीवर चालणारे, ग्रामीण भागासाठीच घडवलेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. रेणवीय चाचण्या जंतूचे जनुक थेट ओळखतात. त्यात क्षय सापडला तर वाद संपतो आणि औषधाला दाद न देणारा क्षय आहे का तेही लवकर कळते. त्यांचा वापर झालाच पाहिजे. पण फुप्फुसाच्या क्षयात बेडक्यात जंतूंची रेलचेल असते, मेरुद्रवात ते मोजके असतात. त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. निगेटिव्ह कागद हातात असताना औषध सुरू करायचे की थांबायचे, हा निर्णय कशावर घेणार? घरात कोणाला क्षय आहे का, आजार किती दिवसांचा आहे, आणि हेच तीन आकडे. १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. शुद्ध शाबूत असताना औषध सुरू झालेला रुग्ण बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. बेशुद्धीत सुरू झाले तर जीव वाचला तरी अधूपणा मागे राहतो. व्हिएतनाममधल्या २००४ च्या चाचणीने क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यू कमी होतात हे दाखवले. ते औषध स्वस्त आहे आणि कुठेही मिळते, फक्त निदान वेळेत व्हायला हवे.

जीवघेण्या धोक्याचा आक्षेप डॉक्टरांचा असतो. कवटीतला दाब फार वाढलेला असताना खालून पाणी काढले तर मेंदू खाली सरकून श्वासकेंद्र दाबले जाऊ शकते. सीटी स्कॅन केल्याशिवाय सुई घालणार कशी? भीती खरी आहे, पण प्रत्येक रुग्णाला लागू नाही. एका बाजूची ताकद गेलेली नाही, नुकतीच फीट आलेली नाही, शुद्ध फार हरपलेली नाही, प्रतिकारशक्ती खालावलेली नाही आणि डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर सूज नाही, अशा रुग्णात स्कॅनशिवाय पाणी काढणे मान्य आहे. पडद्याची सूज पाहायला हातात मावणारे ऑफ्थॅल्मोस्कोप पुरते. रक्तातल्या प्लेटलेट फार कमी असतील किंवा सुई घालायच्या जागी गळू असेल तर मात्र थांबायचे. आणि जिवाणूंच्या मेंदूज्वराचा संशय असेल तर पाण्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवायचे नाही. रक्ताचा नमुना घेऊन अँटिबायोटिक द्यायचे, पाणी नंतर काढायचे. प्रथिने तेवढी वाट पाहतात.

लोकांची भीती वेगळी असते: पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो. या समजुतीला हसून चालणार नाही, तिच्यामागे पाहिलेली उदाहरणे असतात. हे पाणी काढतातच मुळी गंभीर रुग्णाचे. त्यांतले काही पुढे अपंग होतात, आणि आजाराचा दोष सुईच्या माथी बसतो. समजावताना रज्जू आणि मणक्याचे आकृतीज्ञान देण्यापेक्षा एक गोष्ट जास्त उपयोगी पडते: सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल देतात, ती त्याच भागात. गावातल्या कितीतरी बाया ती सुई घेऊन बाळासह चालत घरी आलेल्या असतात. नंतर काही जणांचे डोके दोन-चार दिवस दुखते, उठून बसले की जास्त. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर तेच अफवेचे बी ठरते.

प्रथिनांचा आकडा वाचायला काळ आणि वय लागते, हे न पाळल्याने होणारी गफलत रुग्णाला महागात पडू शकते. दहा दिवसांच्या बाळात ९० मिलिग्रॅम प्रथिने स्वाभाविक असू शकतात, सहा वर्षांच्या मुलात नाहीत. मधुमेह्याची किंचित जास्त असतात. सुई टोचताना रक्त मिसळले तर दर हजार तांबड्या पेशींमागे साधारण १ मिलिग्रॅम वजा करावे लागते. मणक्याच्या क्षयाने पाण्याची वाट बुजली असेल तर आकडा ग्रॅममध्ये जातो आणि पिवळे पाणी बाटलीतच गोठते. काळाचे उदाहरण पुण्याने पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियान-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, संशयितांची संख्या २०० च्या वर गेली, आणि अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. या आजारात पायांपासून अंगातले बळ जाते. गियान, बारे आणि श्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांवरून त्याची खूण सांगितली ती प्रथिनांचीच: पेशी वाढत नाहीत, प्रथिने मात्र वाढतात. पण पहिल्या आठवड्यात जवळपास निम्म्या रुग्णांचा आकडा अजून साधाच असतो, तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा वाढतो. दुसऱ्या दिवशी पाणी काढून प्रथिने नीट आहेत म्हणून आजार नाही असे ठरवणारा डॉक्टर आकडा बरोबर वाचतो आणि निदान चुकवतो.

शहापुरात याला आणखी एक पेच जोडलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सर्पदंशावरच्या राष्ट्रीय प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून गडचिरोलीतल्या अहेरीबरोबर शहापूर तालुका निवडला, तो उगाच नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूण बहुधा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास बंद पडतो. हे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते, मेंदूच्या आवरणांना हात लावत नाही, त्यामुळे मेरुद्रव निर्मळ असतो. म्हणजे मण्यारीचा दंश आणि पहिल्या दोन दिवसांतले गियान-बारे, दोन्हींत प्रथिने नॉर्मल. इथे आकडा काहीच मदत करत नाही, आणि पाण्याच्या निकालाची वाट पाहणे घातक ठरेल. पापण्यांपासून सुरू होऊन काही तासांत खाली पसरणारा लुळेपणा असेल तर सर्पविषावरचे प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र आधी. या तपासणीची महती सांगताना ती कुठे निकामी आहे तेही सांगायला हवे.

राहता राहिली शहरातल्या प्रयोगशाळांच्या जाहिरातींतली नवी प्रथिने. अल्झायमरमध्ये मेरुद्रवातले अमायलॉइड बीटा ४२ कमी होते, कारण ते मेंदूतच साचून बसते, आणि टाऊ वाढते. अमेरिकेत मे २०२२ मध्ये यावरच्या मेरुद्रव चाचणीला आणि मे २०२५ मध्ये रक्तचाचणीला परवानगी मिळाली. विज्ञान म्हणून हे उत्तम आहे. पण अमायलॉइड काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटते. चुकीच्या नळीत घेतलेल्या पाण्यात ते खोटेच कमी दिसते आणि निरोगी माणसावर अल्झायमरचा शिक्का बसू शकतो. त्याला ठरावीक पॉलिप्रॉपिलिनची नळी, गारवा आणि वेळेचे काटेकोर नियम लागतात. मुरबाडच्या म्हाताऱ्याच्या विसराळूपणासाठी ही चाचणी आज कोणी सुचवली तर मी तरी नको म्हणेन. आधी त्याचे थायरॉइड, बी-१२, कानाने ऐकू येते का आणि घरात त्याच्याशी कोणी बोलते का, एवढे पाहावे. ज्याच्यावर या तालुक्यांत पैसा आणि प्रशिक्षण खर्च व्हायला हवे ते म्हणजे सूक्ष्मदर्शकासमोर बसलेला एक तंत्रज्ञ आणि पाणी काढायचा हात बसलेला एक डॉक्टर, रात्रीसुद्धा.

तुमच्या घरातल्या कोणावर ही वेळ आली आणि डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढायची परवानगी मागितली, तर घाबरून नकार देऊ नका. पुढच्या रुग्णालयात निघताना अहवालाची झेरॉक्स रुग्णाबरोबर ठेवा. पाणी किती वाजता काढले, त्या वेळी रक्तातली साखर किती होती आणि आधी कोणते इंजेक्शन दिले होते, हे तीन तपशील त्यावर लिहून मागा.